रंगांचे डॉक्टर पॉल एर्लिख

या पानांत आम्ही अधूनमधून ज्यू समाजातील थोर माणसांची चरित्रे देत असतो. या वेळी डॉ. पॉल एर्लिख यांची निवड करण्याचे कारण जरा वेगळे आहे. आपल्या समाजातील कितीतरी भगिनींच्या हाती कुपत होलीममधून एक कागद येतो. छातीतील गाठीचा तुकडा तपासून प्रयोगशाळेने दिलेला तो अहवाल असतो. रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, लिंफोसाइट इतके टक्के, असले शब्द त्यात असतात. ते हिब्रूत लिहिले तरी कळत नाहीत आणि इंग्रजीत लिहिले तरी कळत नाहीत. मुले डॉक्टरांशी बोलतात, आईला थोडेसे सांगतात, बरेचसे लपवतात. आपल्या घरांतून त्या रोगाचे नावसुद्धा कोणी घेत नाही. तो आजार, एवढेच म्हणतात.

त्या कागदामागे जी विद्या उभी आहे तिचा मोठा भाग एका माणसाच्या कामातून निघालेला आहे. डॉ. एर्लिख १९१५ साली वारले. त्यांना लोक ओळखतात ते गरमीच्या रोगावरील औषधामुळे. पण त्यांनी आयुष्यातील बरीच वर्षे कर्करोगावरही घालवली होती, आणि ती मेहनत फुकट गेली असेच त्यांच्या हयातीत बहुतेकांना वाटत होते. ती फुकट गेली नाही, हे सांगण्यासाठी आम्ही हे चरित्र लिहावयास घेतले आहे.

पॉल एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलेशिया प्रांतातील स्ट्रेलेन या गावी झाला. त्या वेळी हा मुलुख प्रशियाच्या राजाचा होता. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. वडील इस्मार एर्लिख यांची खानावळ होती व दारू गाळण्याचा धंदा होता, शिवाय सरकारी लॉटरीचे काम त्यांच्याकडे असे. आई रोझा ही वायगर्ट घराण्यातली. या आईच्या बाजूचा एक भाऊ, कार्ल वायगर्ट, पॉलपेक्षा नऊ वर्षांनी मोठा होता आणि शरीराच्या ऊतींचा अभ्यास करणारा डॉक्टर होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या वस्तूंना नव्या कृत्रिम रंगांनी रंगवण्याची कला त्याने पुढे आणली होती. पॉलला रंगांचे वेड लागले ते या भावामुळे.

ही गोष्ट समजण्यासाठी तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. जर्मनीत तेव्हा डांबरापासून रंग तयार करण्याचे कारखाने निघाले होते. आपल्याकडे ज्या जर्मन रंगांनी नीळ आणि मंजिष्ठ यांचा बाजार पुढे बसवला, तेच हे रंग. कारखानदारांनी ते कापडासाठी बनवले. एर्लिख यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला. एकच रंग शरीराच्या एका भागाला चिकटतो आणि शेजारच्या भागाला चिकटत नाही, हे का? कापडाच्या बाबतीत कोणताही रंगारी हे जाणतो की रेशमावर चढणारा रंग सुतावर चढेलच असे नाही. एर्लिख यांनी आयुष्यभर जे काही केले ते या एका प्रश्नातून निघाले, असे म्हटले तरी चालेल.

शाळेत ते फारसे चमकले नाहीत. ब्रेस्लाउ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग आणि लायपझिग अशा चार विद्यापीठांत त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. बोटे नेहमी निळी, तांबडी, पिवळी, टेबलावरही डाग. असे सांगतात की रॉबर्ट कॉख एकदा ब्रेस्लाउला आले असता, हा मुलगा रंगवण्यात फार हुशार आहे पण परीक्षा काही पास होणार नाही, अशी त्यांची ओळख करून देण्यात आली. परीक्षा ते पास झाले. १८७८ साली लायपझिगला त्यांनी जो प्रबंध दिला त्याचा विषय अर्थातच रंग हाच होता. त्यातच त्यांनी मास्ट पेशी या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या पेशींचे वर्णन केले.

त्यानंतर ते बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात प्रोफेसर फ्रेरिख्स यांच्या हाताखाली लागले. फ्रेरिख्स यांनी त्यांना मोकळीक दिली, आणि त्या मोकळिकीचे सोने झाले. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, वाळवून, निरनिराळ्या रंगांत बुडवून एर्लिख पाहू लागले. तोपर्यंत पांढऱ्या पेशींचे प्रकार नीट वेगळे ओळखता येत नसत. एर्लिख यांनी दाखवले की काहींच्या आतील कण इओसीन नावाचा गुलाबी रंग घेतात, काहींचे कण निळा रंग घेतात, काहींचे दोन्हींच्या मधला, तर लिंफोसाइट नावाच्या लहान गोल पेशींत असे कण दिसत नाहीत. आज कोणत्याही दवाखान्यात रक्त तपासले की पांढऱ्या पेशींचे प्रकार आणि त्यांचे प्रमाण लिहून देतात. ती वर्गवारी मुळात एर्लिख यांची. पुढे १८८६ साली त्यांनी हेमाटॉक्सिलीन या लाकडातून निघणाऱ्या जांभळट रंगाचे एक टिकाऊ मिश्रण तयार केले. ते त्यांच्या नावाने अजून ओळखले जाते. हेमाटॉक्सिलीन आणि इओसीन ही रंगांची जोडी वाचकांनी लक्षात ठेवावी. छातीच्या गाठीचा तुकडा जगात कुठेही तपासला, तरी पहिल्याने तो याच जोडीने जांभळा-गुलाबी रंगवतात.

१८८२ च्या मार्च महिन्यात कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. एर्लिख त्या सभेला हजर होते. घरी येताच त्यांनी तो जंतू अधिक चांगला रंगवण्याचा उद्योग मांडला. अशी हकिकत आहे की रंगवलेल्या काचपट्ट्या वाळण्यासाठी त्यांनी रात्री विझलेल्या शेगडीवर ठेवल्या. सकाळी कामवाल्या बाईने न पाहता शेगडी पेटवली. आणि एर्लिख यांनी घाबरून पट्ट्या पाहिल्या तो जंतू कधी नव्हे इतके स्पष्ट दिसत होते. ऊब दिली की रंग आत शिरतो, हे त्यातून कळले. खरेखोटे देव जाणे, पण क्षयाचा जंतू आम्लानेही रंग सोडत नाही हा शोध त्यांचाच, आणि थुंकी तपासण्याची पद्धत त्यावरच उभी राहिली.

१८८३ मध्ये त्यांचा विवाह हेडविग पिंकुस यांच्याशी झाला. मुलगी नॉयश्टाट गावच्या कापड कारखानदाराची, वय एकोणीस. लग्न तेथील सिनागॉगमध्ये लागले. दोन मुली झाल्या, श्टेफनी आणि मारियाने. संसार सुखाचा होता. नोकरीचे मात्र तसे नव्हते. १८८५ साली फ्रेरिख्स वारले, नव्या प्रमुखांना एर्लिख यांच्या संशोधनाचे कौतुक नव्हते. त्यातच त्यांना क्षयाने गाठले. पत्नीला घेऊन ते १८८८ साली हवापालटासाठी इजिप्तला गेले आणि बरे होऊन परतले. परत आले तेव्हा हाती जागा नव्हती. जर्मन विद्यापीठांत ज्यू माणसाला प्रोफेसरची खुर्ची मिळणे कठीण असे. बाप्तिस्मा घेतला की ती वाट मोकळी होई आणि कित्येकांनी ती धरली. एर्लिख यांनी धरली नाही. ते धर्मकर्मात फार गुंतलेले नव्हते, तरी हे एक पाऊल त्यांनी टाकले नाही, याची आम्हांस नोंद करावीशी वाटते.

बर्लिनमध्ये छोटीशी खासगी प्रयोगशाळा थाटून त्यांनी जे प्रयोग केले ते आपल्या वाचकांना विशेष जवळचे वाटतील, कारण त्यांतली दोन्ही विषे आपल्या कोकणातली ओळखीची. एक एरंडीच्या बियांतले आणि दुसरे गुंजेतले. कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत. घाण्याच्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही की एरंडेल पोटात घेतले तरी चालते, पण एरंडीची पेंड गुरांना घालत नाहीत. विष पेंडीत राहते. आणि गुंजा तर सोनाराच्या तराजूत असत. मुलांनी तोंडात घालू नयेत म्हणून आज्या जपत. एर्लिख यांनी १८९१ च्या सुमारास उंदरांना एरंडीचे विष अगदी अल्प प्रमाणात खाऊ घालण्यास सुरुवात केली आणि मात्रा हळूहळू वाढवली. काही आठवड्यांनी ते उंदीर, साध्या उंदराला मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट विष सहन करू लागले. पण त्यांनाच गुंजेचे विष दिले की ते मरत. म्हणजे अंगात आलेली ताकद सर्वसाधारण नव्हे. ज्या शत्रूची ओळख झाली त्याच्यापुरतीच.

पुढे त्यांनी आणखी एक सुंदर प्रयोग केला. विषाला सरावलेल्या उंदरीची पिले आणि साध्या उंदरीची पिले यांची अदलाबदल केली. सरावलेल्या उंदरीचे दूध प्यालेली परकी पिलेही विषापासून बचावली. आईच्या दुधातून मुलाला रोगाविरुद्ध संरक्षण मिळते, हे आपल्या आज्या पुस्तक न वाचता सांगत. त्याचा पुरावा एर्लिख यांनी दिला. परंतु दुसऱ्याकडून मिळालेले हे संरक्षण थोडे दिवस टिकते, स्वतःच्या अंगाने कमावलेले जास्त दिवस, हा फरकही त्यांनीच दाखवला.

त्याच वेळी एमिल फॉन बेरिंग हे घटसर्पावर औषध तयार करीत होते. जनावराच्या अंगात घटसर्पाचे विष टोचून त्याच्या रक्तातून प्रतिविष काढावयाचे, ही कल्पना बेरिंग यांची. पण औषधाची ताकद एकदा जास्त, एकदा कमी. मुले वाचत आणि मरतही. मात्रा मोजावी कशी, वाढवावी कशी, हे एर्लिख यांनी बसवून दिले आणि १८९४ पासून ते औषध बाजारात आले. नफ्यातला वाटा मात्र एर्लिख यांना सोडावा लागला आणि दोघांची मैत्री त्यातच आटली. १९०१ चे वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक एकट्या बेरिंग यांना मिळाले. त्या काळी मुंबईत आपल्याच ज्यू जमातीचे डॉ. हाफकिन प्लेगची लस तयार करीत होते आणि १८९७ च्या जानेवारीत त्यांनी ती पहिल्याने स्वतःलाच टोचून घेतली, हे परळची हाफकिन इन्स्टिट्यूट पाहिलेल्या वाचकांना आठवेल.

१८९६ मध्ये बर्लिनजवळ श्टेग्लिट्झ येथे सरकारने एर्लिख यांना एक संस्था दिली. संस्था कसली, जुनी बेकरी आणि शेजारचा तबेला. तेथेच १८९७ साली त्यांनी आपली सुप्रसिद्ध उपपत्ती मांडली. पेशीच्या अंगावर निरनिराळ्या आकारांची काजे असतात असे समजा. विष म्हणजे बटण. ज्या काजात ते बसते त्याच पेशीला ते बाधते. काज अडकून बसले की पेशी तसलीच नवी काजे भराभर तयार करते, इतकी की जास्तीची सुटून रक्तात तरंगू लागतात आणि विषाला वाटेतच पकडतात. रक्तातली ही सुटी काजे म्हणजेच अँटिबॉडी. पेशीवरच्या काजाला त्यांनी पुढे रिसेप्टर हे नाव दिले. तपशिलात ही उपपत्ती आज सगळी टिकलेली नाही, पण रिसेप्टर हा शब्द आणि त्यामागची कल्पना टिकली. छातीच्या गाठीच्या अहवालात इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह असे येते त्याचा अर्थ एवढाच, की त्या गाठीच्या पेशींत स्त्री-संप्रेरकाचे बटण बसेल असे काज आहे, म्हणून ते बटण अडवणारी गोळी उपयोगी पडेल.

१९०१ च्या सुमारास त्यांनी आणखी एक विचार मांडला. शरीर परक्यावर तुटून पडते, पण स्वतःवर तुटून पडण्याची त्याला जणू भीती वाटते. या विचाराकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आता फ्रँकफुर्ट. १८९९ साली त्यांची संस्था या शहरात हलली. १९०६ मध्ये गेओर्ग श्पायर या ज्यू पेढीवाल्याच्या विधवेने, फ्रान्सिस्का श्पायर यांनी, नवऱ्याच्या स्मरणार्थ दिलेल्या पैशातून शेजारीच दुसरी संशोधनशाळा उभी राहिली. एर्लिख यांच्या खोलीत पुस्तके आणि कागद यांचे ढीग असत. पाहुण्याला बसायला खुर्ची रिकामी सापडत नसे. दिवसाला वीस-पंचवीस चिरूट ओढीत. जेवणाची आठवण राहत नसे. रोज सकाळी रंगीत चिठ्ठ्यांवर प्रत्येक सहकाऱ्याचे काम लिहून देत आणि ते झाले की नाही हे कडकपणे विचारीत. डॉक्टर असूनही स्वतःच्या तब्येतीकडे त्यांनी जे दुर्लक्ष केले त्याचे कौतुक करण्यात आम्हांला अर्थ दिसत नाही.

फ्रँकफुर्टमध्येच १९०१ नंतर त्यांनी कर्करोगाचा अभ्यास सुरू केला. डॉ. हुगो आपोलांट हे त्यांचे या कामातले सहकारी. त्यांनी उंदरांच्या माद्या जमा केल्या, ज्यांच्या स्तनात आपोआप गाठी झाल्या होत्या. म्हणजे एर्लिख यांचे कर्करोगावरचे काम मुख्यतः स्तनाच्या कर्करोगावरच होते. ही गोष्ट त्यांच्या चरित्रांतून फारशी कोणी ठळकपणे लिहीत नाही. एका उंदराची गाठ काढून तिचा तुकडा दुसऱ्याला टोचावयाचा, त्याच्याकडून तिसऱ्याला. असे करता करता काही गाठी इतक्या जोमदार झाल्या की जवळजवळ प्रत्येक उंदरात रुजू लागल्या. त्यांपैकी एक वाण आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही एर्लिखची गाठ या नावाने प्रयोगशाळांतून जिवंत आहे. १९३२ साली ती पोटातील पाण्यात वाढणाऱ्या रूपात आणली गेली. भारतातल्या प्रयोगशाळांतही नवी औषधे तिच्यावर तपासतात.

परंतु एर्लिख यांचे लक्ष गाठ न रुजलेल्या उंदरांकडे गेले. कमजोर गाठ टोचली आणि ती रुजली नाही, तर त्या उंदरात पुढे जोमदार गाठही बहुधा रुजत नसे. जणू त्याच्या अंगाने शत्रू ओळखून ठेवला होता. दुसरी गोष्ट अशी की ज्या उंदरात एक गाठ जोरात वाढते आहे त्यात दुसरी टोचली तर ती वाढत नसे. तिसरी, उंदराची गाठ घुशीच्या जातीच्या मोठ्या उंदरात टोचली तर आठवडाभर वाढे आणि मग विरघळून जाई. पण विरघळण्यापूर्वी काढून परत लहान उंदरात घातली तर पुन्हा फोफावे. एर्लिख यांनी याचा अर्थ लावला तो अन्नाचा. गाठीला काही खास अन्न लागते, ते संपले किंवा नसले की ती उपाशी मरते, असे त्यांना वाटले. हा अर्थ चुकला. मोठ्या जातीच्या अंगातील रोगप्रतिकारशक्ती जागी होण्यास आठवडा लागत होता, एवढेच ते होते. शिवाय त्यांचे उंदीर एका वाणाचे नव्हते, त्यामुळे परक्याची कातडी जशी अंग धरीत नाही तशी परक्याची गाठही धरीत नव्हती. हे ओळखण्याइतके ज्ञान तेव्हा कोणाकडेच नव्हते.

मात्र १९०९ साली छापलेल्या व्याख्यानात त्यांनी एक तर्क केला, तो असा. माणसाच्या शरीरात वाट चुकलेल्या पेशी फार वेळा निर्माण होत असाव्यात. शरीराची संरक्षक शक्ती त्यांना दाबून टाकते, म्हणून आपल्याला त्यांचा पत्ता लागत नाही. ती शक्ती नसती तर कर्करोग भयंकर प्रमाणात दिसला असता. पुरावा त्यांच्याजवळ नव्हता. काही काळाने त्यांनी हे काम बाजूला ठेवले. उपाय सापडला नव्हता.

येथे थोडे पुढे जाऊन या तर्काचे काय झाले ते सांगणे भाग आहे. १९२२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पाहिले की स्तनाच्या ज्या गाठींत लिंफोसाइट पेशींची गर्दी असते त्या स्त्रिया शस्त्रक्रियेनंतर जास्त जगतात. १९४९ मध्ये अशाच एका प्रकारच्या गाठींबद्दल तेच दिसले. पण लिंफोसाइटचे काम काय, हेच १९६० च्या दशकापर्यंत नीट उमगले नव्हते, त्यामुळे या निरीक्षणाकडे कोणी फार लक्ष दिले नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लुइस थॉमस आणि मॅकफार्लेन बर्नेट यांनी एर्लिख यांचाच तर्क नव्याने मांडला, की रोगप्रतिकारशक्ती शरीरात कर्करोगाविरुद्ध पहारा देते. तरी दवाखान्यात त्याचा उपयोग होण्यास आणखी पन्नास वर्षे लागली.

२०१४ साली निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन या पेशी कशा मोजाव्यात याचे नियम ठरवले. पद्धत अगदी साधी आहे. तीच जांभळी-गुलाबी काचपट्टी, तोच सूक्ष्मदर्शक. गाठीच्या पेशींच्या पुंजक्यांमध्ये जी जागा असते, तिच्यापैकी किती टक्के जागा लिंफोसाइट आणि त्यांच्या सोबतच्या पेशींनी व्यापली आहे याचा अंदाज करावयाचा. निराळा रंग नको, महागडे यंत्र नको. याला इंग्रजी आद्याक्षरांवरून टिल म्हणतात. ज्या गाठीत इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू यांपैकी एकही खूण नसते तिला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात, आणि ती अधिक वाईट समजली जाते. याच जातीत टिलचा आकडा सर्वांत बोलका ठरला. २०१९ मध्ये नऊ अभ्यासांतील २,१४८ स्त्रियांची माहिती एकत्र केली, तेव्हा टिलच्या प्रत्येक दहा टक्के वाढीमागे मृत्यूचा धोका सुमारे सोळा टक्क्यांनी कमी दिसला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात अशा १,९६६ स्त्रिया होत्या ज्यांना केमोथेरपी दिलीच नव्हती. त्यांच्यापैकी पहिल्या टप्प्यातील, पन्नास टक्के किंवा अधिक टिल असलेल्या शंभरातील ९४ जणी पाच वर्षांनंतर रोग दूर पसरल्याशिवाय होत्या; तीस टक्क्यांहून कमी टिल असलेल्या शंभरात ७८.

हे आकडे वाचून कोणी भगिनीने आपल्या मनाने केमोथेरपी टाळू नये, हे आम्ही स्पष्टपणे लिहितो. आकडा एकटा काही ठरवीत नाही. गाठीचा आकार, काखेतल्या ग्रंथी, वय हे सगळे डॉक्टर पाहतात. शिवाय सर्व जातींत टिलचा अर्थ सारखा नाही. २०१८ साली ३,७७१ स्त्रियांच्या अभ्यासात दिसले की जास्त टिल असले तर शस्त्रक्रियेपूर्वी दिलेली केमोथेरपी सर्वच जातींत अधिक लागू पडते. पण संप्रेरकाचे रिसेप्टर असलेल्या आणि हर-टू नसलेल्या गाठींत मात्र जास्त टिल म्हणजे जास्त आयुष्य असे नव्हते, उलटच दिसले. म्हणून शेजारणीच्या अहवालातील आकडा आपल्या अहवालाशी ताडून पाहू नये. आपल्याकडे ही सवय फार आहे.

मग प्रश्न येतो, लिंफोसाइट गाठीपर्यंत पोचल्या तर गाठ मारून का टाकीत नाहीत? येथे एर्लिख यांचा दुसरा विचार कामास येतो. गाठ आपल्याच शरीराची असते आणि शरीर स्वतःवर हात उचलण्यास कचरते. यासाठी निसर्गाने पांढऱ्या पेशींना ब्रेक बसवले आहेत. गाठीतील पेशी पी.डी.एल.-१ नावाचे बटण पुढे करून तो ब्रेक दाबून धरतात. ब्रेक सोडवून कर्करोगावर इलाज करता येतो हे दाखवल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्रिपल निगेटिव्ह जातीत पेम्ब्रोलिझुमॅब हे असले औषध अमेरिकेत २०२० साली पसरलेल्या रोगासाठी मंजूर झाले, पण पी.डी.एल.-१ चा गुणांक दहा किंवा अधिक असेल तरच. २०२१ मध्ये ते सुरुवातीच्या अवस्थेतील धोकादायक गाठींसाठीही मंजूर झाले, आणि तेथे पी.डी.एल.-१ कितीही असो, ते देतात. एकच खूण एका अवस्थेत दार उघडते आणि दुसऱ्या अवस्थेत कोणी तिला विचारीतही नाही. अशाने रोगी गोंधळतात यात नवल नाही. डॉक्टरांना विचारावे, लाजू नये.

असो. आपण पुन्हा फ्रँकफुर्टला जाऊ.

१९०८ साली एर्लिख यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते इल्या मेचनिकॉफ यांच्याबरोबर वाटून. मेचनिकॉफ यांची आई ज्यू कुळातली. संरक्षण रक्तातील द्रव्ये करतात की पेशी करतात, यावर त्या दोघांच्या पक्षांचे वर्षानुवर्षे भांडण चालले होते आणि बक्षीस दोघांना मिळाले, हे योग्यच झाले.

गरमीच्या औषधाची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. एर्लिख यांचे स्वप्न असे होते की रंग जसा एकाच प्रकारच्या पेशीला चिकटतो, तसे रोगजंतूला तेवढे चिकटून मारील आणि शरीराला धक्का लावणार नाही असे औषध करावे. ज्याला ते जादूची गोळी म्हणत. सोमलापासून केलेल्या शेकडो द्रव्यांत ६०६ क्रमांकाचे द्रव्य १९०७ सालीच तयार होते, पण निरुपयोगी म्हणून बाजूला पडले होते. १९०९ मध्ये जपानहून आलेल्या डॉ. हाता यांनी ते पुन्हा तपासले आणि ते गुणकारी निघाले. बाजारात आणण्यापूर्वी सुमारे ६५,००० मात्रा डॉक्टरांना फुकट वाटल्या. नाव साल्व्हारसान. स्तनाच्या कर्करोगात जादूच्या गोळीची कल्पना १९९८ साली फळली, जेव्हा हर-टू या खुणेलाच चिकटणारी ट्रास्टुझुमॅब ही अँटिबॉडी अमेरिकेत मंजूर झाली. १९८७ मध्ये हर-टू ही वाईटाची खूण म्हणून ओळखली गेली होती. औषध आल्यावर तीच खूण इलाजाची जागा दाखवू लागली.

गरमी हा लाजेचा रोग. तो बरा करणे म्हणजे पापाला उत्तेजन, असे म्हणणारे पुष्कळ होते. औषध चुकीच्या रीतीने टोचल्याने काही रोगी दगावले, त्याचा गवगवा झाला. ज्यू असल्याबद्दलही टीका झाली. वासमान नावाच्या एका वार्ताहराने, फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात वेश्यांवर जबरदस्तीने हे औषध टोचले जाते, असा आरोप केला. १९१४ साली खटला चालला, एर्लिख यांना साक्ष द्यावी लागली आणि वासमानला एक वर्षाची कैद झाली. पण त्या मनस्तापाने एर्लिख खचले. त्याच वर्षी फ्रँकफुर्टला नवे विद्यापीठ निघाले आणि साठाव्या वर्षी त्यांना पूर्ण प्रोफेसरची जागा मिळाली.

महायुद्धाच्या थोडे आधी त्यांच्या भेटीस एक तरुण रसायनशास्त्रज्ञ आले होते. ते म्हणजे डॉ. खाइम वाइझमन, पुढे आपल्या राष्ट्राचे पहिले अध्यक्ष. यरुशलेमला हिब्रू विद्यापीठ काढावयाचे, आणि त्या कामी एर्लिख यांनी पुढे यावे अशी बॅरन रॉथशिल्ड यांची इच्छा होती. एर्लिख प्रथम आपल्या रसायनांबद्दलच भरभरून बोलत राहिले, बाहेर बडे बडे लोक ताटकळत असताना. पण शेवटी त्यांनी होकार दिला. विद्यापीठ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. डिसेंबर १९१४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला आणि २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. फ्रँकफुर्टच्या रात-बाइल रस्त्यावरील ज्यू दफनभूमीत त्यांना पुरले.

१ एप्रिल १९२५ रोजी हार हात्सोफिमवर हिब्रू विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्या प्रसंगी गणितावर हिब्रूतून व्याख्यान दिले ते प्रोफेसर एडमुंड लांडाउ यांनी. ते एर्लिख यांची धाकटी मुलगी मारियाने हिचे यजमान. १९२७-२८ मध्ये त्यांनी तेथे शिकवलेही. १९३३ नंतर जर्मनीत लांडाउ यांचे वर्ग विद्यार्थ्यांनी बंद पाडले. फ्रँकफुर्टमध्ये एर्लिख यांच्या हयातीतच एका रस्त्याला त्यांचे नाव दिले होते. १९३८ साली ती पाटी काढून टाकली. हेडविगबाईंना म्हातारपणी घरदार सोडून स्वित्झर्लंडला आणि तेथून अमेरिकेला जावे लागले. १९४८ साली त्या तेथेच वारल्या. त्यापूर्वी, युद्ध संपताच, रस्त्याला जुने नाव परत मिळाले होते.